रीफ टँकचे मॅक्रो फोटो नेमके बिघडतात कुठे? या चुका टाळा

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेला टँक. त्याच्यासमोर बसून बघताना झोअँथस या कोरलसारख्या जीवाचा इवलासा पॉलिप (फुलासारखा एकेक जीव) हिरवागार दिसतो, मधोमध नारिंगी ठिपकाही असतो. फोटोत मात्र नुसता निळा डाग उतरतो. मग लोक नवी लेन्स शोधायला लागतात. माझं मत विचाराल तर लेन्सचा खर्च थोडा लांबवा. रीफचे बहुतेक फोटो काच, पाणी आणि दिवा या तिघांपाशी बिघडतात, आणि हे तिन्ही फुकटात सुधारता येतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काचेतून तिरकं बघणं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, हवेचा जवळपास १. त्यामुळे तिरका आलेला प्रकाश बाहेर पडताना वाकतो, आणि प्रत्येक रंग थोड्या वेगळ्या कोनात वाकतो. पॉलिपच्या कडेला जांभळी-पिवळी किनार येते आणि बारकावे पुसले जातात. सॉफ्टवेअरने किनार कमी होईल, पण गेलेला तपशील परत येत नाही. म्हणून लेन्सचं तोंड काचेला समांतर ठेवा. मनासारखा कोन मिळत नसेल तर कॅमेरा कलंडू नका, तो आहे तसाच वर-खाली किंवा बाजूला सरकवा, नाहीतर फ्रॅगच (कोरलचा सुटा तुकडा) फिरवा. फ्रॅग झोअँथस किंवा त्याच्याच जातकुळीच्या पॅलिथोआचा असेल तर हातमोजे आणि गॉगल घालूनच हात घाला. यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. जखमेत किंवा डोळ्यात गेलं तर थेट दवाखाना गाठावा लागतो.

अंतराचंही तसंच. १०० मिमीच्या मॅक्रो (जवळून टिपणाऱ्या) लेन्सवर एकास-एक माप, म्हणजे सेन्सरवर वस्तूएवढीच प्रतिमा, हवं असेल, तर लेन्सच्या तोंडापासून कोरलपर्यंत जेमतेम १३-१५ सेंमी उरतात. पाण्यातली वस्तू आहे त्याच्या पाऊण अंतरावर भासते, त्यामुळे थोडी सूट मिळते. तरी मागच्या खडकावरचा कोरल या मापात येत नाही. पुढच्या काचेजवळचा निवडा.

आता निळा प्रकाश. रीफच्या एलईडीचा जोर ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो. कॅमेऱ्याचा निळा चॅनल तिथेच भरून वाहतो, लाल-हिरवा उपाशी राहतो, आणि रंग आपोआप जुळवणारा ऑटो व्हाइट बॅलन्स हात टेकतो. फोटो काढण्यापुरतं एलईडीचं पांढरं चॅनल वाढवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघताना निळ्याचा आलेख वेगळा तपासा. एकूण आलेख ठीक दिसला तरी निळा फाटलेला, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला, असू शकतो. पण दिव्याचा निळा पूर्ण बंद करायची घाई नको. कोरलमधली प्रथिनं निळा प्रकाश शोषून हिरवा-नारिंगी बाहेर टाकतात. निळाच नसेल तर ती चमकही नाही. ही चमक टिपायची असेल तर निळा चालू ठेवून लेन्सपुढे पिवळा किंवा नारिंगी फिल्टर लावा: तो निळा अडवतो आणि चमक आत सोडतो. फोनलाही असे क्लिपचे फिल्टर मिळतात. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर एलईडीच्या लुकलुकण्याचा संशय घ्या. शटर थोडं सावकाश करा, इलेक्ट्रॉनिक शटर वापरत असाल तर मेकॅनिकलवर जा.

लेन्सचं छिद्र एफ २२ इतकं बारीक करून सगळं शार्प येईल अशी आशा धरू नका. एकास-एक मापावर एफ १६ हा एफ ३२ सारखा वागतो आणि डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ होतं. एफ ८ ते ११ पुरे. फुल-फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) एफ ८ ला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम एक मिलिमीटर मिळते, त्यामुळे फोकस कुठे हवा ते आधी ठरवा.

वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) आणि रिटर्न पंप (खालच्या टाकीतून पाणी वर चढवणारा) बंद करा, नाहीतर पॉलिप डोलत राहतो. रिटर्न बंद केल्यावर पाणी त्या खालच्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये, उतरतं, तेवढी जागा आहे ना ते आधी बघा. पंप परत चालू करण्यासाठी मोबाइलवर गजर लावा. काच आतून घासल्यावर कण बसू द्या. मॅग्नेट क्लीनरखाली वाळूचा दाणा अडकला तर कायमचा ओरखडा पडतो. फोटो रात्री, खोलीतले दिवे मालवून, काळा शर्ट घालून आणि रबरी हूड काचेला टेकवून काढले तर प्रतिबिंबांचा त्रास जवळजवळ संपतो.

फोटोसाठी समुद्रातून कोरल उचलून आणू नका. सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. गोव्याच्या ग्रांद बेटाजवळचा कोरल पाण्यात उतरून टिपायचा, उचलून आणायचा नाही.

आपल्या गोव्याची खास अडचण पावसाळ्यातली दमट हवा. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट टँकच्या खोलीत आणला की लेन्सवर लगेच धुकं बसतं. पुसत बसू नका, कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास त्या खोलीत राहू द्या. काम झालं की खारट शिंतोडे ओलसर कापडाने टिपून मग कोरड्याने पुसा. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ४०-५० टक्के आर्द्रता राखा, आणि डब्यात छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा. जुलैत जेल फार लवकर ओलावतं, ते दर आठवड्याला तपासावं लागतं.