‘डेस्पराडो’ची जुनी एलपी: पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं स्वच्छ कसं वाजवावं

ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचा ‘डेस्पराडो’ हा अल्बम १९७३ सालचा, लंडनच्या आयलंड स्टुडिओत ग्लिन जॉन्स यांनी रेकॉर्ड केलेला. त्याची जुनी प्रत पारखायची तर पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं लावा, म्हणजे अल्बमच्याच नावाचं ‘डेस्पराडो’. ते पियानोवर हळू उघडतं, त्यामुळे धुळीचा कणही लपत नाही. शिवाय ते आतल्या खाचांत आहे. तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंमी खाच सरकते. आत येईपर्यंत हा वेग निम्म्याच्या आसपास उतरतो. आवाज कमी जागेत दाटतो आणि गाण्यातले ‘स’ फाटतात.

आधी तबकडी धुवा. पाव लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब पुरतात. मऊ ब्रश खाचांच्या दिशेनेच गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा, कारण उरलेला साबण वाळला की तोच कडकडतो. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. अर्धा तास उभी ठेवून पूर्ण वाळू द्या.

आता सुई. कार्ट्रिजवर, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या भागावर, १.८ ते २.२ ग्रॅम भार (सुईचा खाचेवरचा दाब) सांगितला असेल तर छोट्या डिजिटल काट्यावर मोजून २ ठेवा. भार कमी ठेवला की तबकडी वाचते, हा समज चुकीचा आहे: हलकी सुई खाचेत उडते आणि भिंतींवर आपटते. मग प्रोट्रॅक्टर (सुईचा कोन जुळवायची रेघांची पट्टी) ठेवून मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमी या दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिज रेघांना समांतर करा. एकाच बिंदूवर जुळवून थांबू नका, आतली गाणी तिथेच बिघडतात.

तरी ‘स’ फाटतोय? पहिलं गाणंही तसंच वाजत असेल तर सुई मळलेली किंवा झिजलेली आहे. एकाच स्पीकरमधून फाटत असेल तर अँटी-स्केट, म्हणजे सुईची आत ओढ रोखणारी सेटिंग, तपासा.

पियानोचे लांब सूर हेलकावत असतील तर टोनआर्मकडे, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीकडे, बघा. दर १.८ सेकंदाला, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला, तो डावी-उजवीकडे झुलत असेल तर तबकडीचं भोक मध्यावर नाही. आर्म स्थिर असेल तर तबकडी फिरवणारा बेल्ट सैल झालेला असू शकतो, तो बदलून पाहा.

सगळं करूनही फक्त याच गाण्यात खरखर राहिली, तर आधीच्या मालकाच्या झिजलेल्या सुईने खाच कायमची खाल्लेली आहे. धुऊन ती भरत नाही. दुसरी प्रत शोधा आणि घेण्याआधी हेच गाणं वाजवून घ्या.