बर्लिनमध्ये एकच शनिवार असेल तर
संध्याकाळी फिलहार्मोनीचं तिकीट बघा. १९६३ चा हॉल आहे, प्रेक्षक ऑर्केस्ट्राच्या चारही बाजूंनी बसतात, त्यामुळे मागच्या बाजूची सीट घेतली तर सहसा स्वस्तात पडते आणि वर कंडक्टरचा चेहरा समोरून दिसतो, भुवई उडवून कोणाला दम देतोय तेसुद्धा! सूटबूट नसला तरी चालतं.

नंतर क्लबला जायचं तर घाई नको, खरी गर्दी मध्यरात्रीनंतरच होते, फक्त रांगेत दहा जणांचा गलका केलात तर दारावरूनच परत पाठवतील आणि का म्हणून हुज्जत घालून काही उपयोग नाही. बऱ्याच ठिकाणी फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, तो काढायचा नाही हं. थोडी कॅश ठेवा. परतीचं टेन्शन नाही, शुक्रवार-शनिवारी ऊ-बान (तिथली मेट्रो) बहुतेक मार्गांवर रात्रभर चालू असते.