सुरवंट लागल्यावरची पहिली पाच मिनिटं: या चुका टाळा

आमच्या कोकणात गोकुळाष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी हवीच. आणि नेमका त्याच सुमाराला आमच्या परसवातल्या शेवग्यावर सुरवंटांचा गठ्ठा बसलेला असतो. लांबून बघितलं तर खोडाला कुणी करड्या लोकरीचं ठिगळ लावलंय असं वाटतं. जवळ गेलं की ते ठिगळ हलतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कुत्र्याने, मोत्याने, त्या ठिगळाला नाक लावलं. केकाटत मागे आला, पुढच्या दोन्ही पायांनी तोंड घासायला लागला, लाळेची धार सुटली. काकी धावत आली आणि मायेपोटी पंचाने त्याचं तोंड खसाखसा पुसलं. पंधरा मिनिटांत मोत्याचा ओठ एका बाजूने सुजला आणि काकीच्या मनगटावर लाल गांधी उठल्या. पंचा दोरीवर परत गेला. संध्याकाळी माझ्या पुतण्याने त्यानेच तोंड पुसलं आणि डोळा चोळत बसला. मोत्याला सुरवंट लागला हे खरं, पण काकीचा आणि पोराचा त्रास आमच्या हाताने झाला होता.

सुरवंट चावत नाही, लागतो

आपली जुनी माणसं ‘सुरवंट लागला’ म्हणतात ते अगदी बरोबर आहे. त्रास त्याच्या तोंडाचा नसतो, अंगावरच्या कुसळांचा असतो. ही कुसळं मुळाशी सहज तुटतात, कातडीत रुततात आणि तिथे आग, खाज, सूज आणतात. खाजकुयली ज्याला लागली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून सगळ्यात मोठी चूक चोळण्याची. चोळलं की वरवर असलेलं कुसळ आत जातं, अर्धवट असलेलं मोडतं आणि जे एका जागी होतं ते हातभर पसरतं. घोंगडीने घासणं, गोणपाटाने पुसणं, खोबरेल तेल लावून मालिश करणं हे सगळं आमच्याही घरात होत आलंय. करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण पहिल्या पाच मिनिटांत यातलं काहीही करू नका. चुना, रॉकेल, शेण तर नकोच. तिथली कातडी आधीच सोललेल्यासारखी नाजूक झालेली असते.

त्याऐवजी सुरवंट अजून अंगावर असेल तर काडीने किंवा पानाने उचलून बाजूला करा. चापट मारू नका. मग पार्सलला लावतो ती रुंद चिकटपट्टी घ्या. बोटभर तुकडा कापून जागेवर नुसता ठेवा, हलकेच दाबा आणि सरळ वर उचला. उजेडासमोर धरलात तर पट्टीवर बारीक केस दिसतील. तो तुकडा टाकून नवीन घ्या. तोच परत लावला तर काढलेली कुसळं पुन्हा अंगावर जातात. चार-पाच तुकड्यांनंतर साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा, टॉवेलने न घासता वाळू द्या आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरा. अंगातले कपडे काढून वेगळे धुवा. खाज उतरत नसेल तर मलम किंवा गोळी डॉक्टरांना विचारून घ्या.

डोळ्याची गोष्ट वेगळी. तिथे पट्टी नाही, चिमटा नाही, पदराचं टोक तर अजिबात नाही. भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. या कुसळांना उलटे काटे असतात. पापणीची उघडझाप झाली तरी ती पुढे सरकत बुबुळात शिरू शकतात, आणि ती शोधायला डॉक्टरांकडचं मोठं भिंग लागतं. ‘उद्या बघू’ इथे चालत नाही.

श्वास लागला, आवाज बसला, चेहरा किंवा जीभ सुजली, अंगभर पित्त उठलं, चक्कर आली तर घरगुती काही न करता 108 ला फोन करा. दमेकरी माणसाने आणि लहान मुलांनी सुरवंटांच्या झाडाखाली बसूच नये. वाऱ्यावर उडालेली कुसळंही छातीला त्रास देतात, आणि आपल्याकडे वाऱ्याला काय तोटा!

कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत होणाऱ्या चुका

जनावर बोलत नाही, म्हणून इथे घाई जास्त होते. कुत्रा एकाएकी लाळ गाळतोय, पंजाने तोंड ओरबाडतोय, उलटी काढतोय, खायला नको म्हणतोय, असं दिसलं की आधी त्याच्या तोंडाजवळ उघडा हात नेणं थांबवा. रबरी हातमोजे घाला. हातमोजे नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी चालेल. दुखावलेला कुत्रा आपल्या माणसालाही चावतो, तेव्हा एकाने पट्ट्याला धरायचं आणि दुसऱ्याने तोंड बघायचं.

तोंड धुताना डोकं वर करून घशात पाणी ओतणं ही नेहमीची चूक. त्याने कुसळं घशात उतरतात आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. डोकं खाली झुकवा आणि ओठाच्या कडेने हळू धार सोडा, म्हणजे पाणी आडवं वाहून दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल. ओठाच्या बाहेरच्या कमी केसांच्या जागी चिकटपट्टी चालते. जिभेवर काही घासायचं नाही.

मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. जे जाताना टोचत गेलं ते येतानाही टोचेल. आणि कृपा करून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराला ती गोळी जिवावर बेतते. कुत्र्याला आयबुप्रोफेन तसंच घातक. ॲलर्जीची गोळीसुद्धा वजन सांगून, पशुवैद्यकाला विचारूनच द्यायची. जीभ सुजत चालली, निळसर पडली किंवा श्वासाला घरघर लागली तर गाडी काढा आणि निघताना दवाखान्यात फोन करून कळवा.

मांजराचा धोका थोडा लपलेला असतो. त्याला लागतं पाठीवर किंवा पंजाला, पण ते स्वतःला चाटून साफ करतं आणि कुसळं जिभेवर घेतं. म्हणून पावसाळ्यात मांजर झाडावरून उतरून एकच जागा सारखी चाटत बसलं तर ती बघा, चाटू देऊ नका, पट्टीने कुसळं काढा.

कुत्र्यांच्या जिभेचा भाग काळा पडून गळालेले फोटो मोबाइलवर फिरतात. तो प्रकार युरोपातल्या पाइनच्या झाडांवर रांगेने चालणाऱ्या सुरवंटांचा. ती जात आपल्या किनाऱ्यावर नाही. पण म्हणून आपल्याकडच्या कुसळांना हलकं घेऊ नका. मोत्याला दोन दिवस पेजेवर ठेवावं लागलं होतं.

ओळखण्यातली चूक

2022 च्या सप्टेंबरात घाटावरच्या उसात घोणस अळीची बातमी आली आणि ‘चावली की माणूस जातो’ असे मेसेज कोकणातल्या घराघरांत पोचले. ही अळी लागली तर जाळ होतो, काहींना दवाखान्यात जावं लागतं, पण तिला घोणस सापाचं विष नाही. नाव पडलं ते नक्षीवरून. तिच्याच कुळातली हिरवी, पाठीवर निळा पट्टा असलेली अळी आपल्या माडावर, आंब्यावर, केळीवर असते. पाय दिसत नाहीत, गोगलगायीसारखी सरकते आणि बहुतेक वेळा पानाच्या खालच्या बाजूला असते. झावळ ओढताना हात तिथेच जातो. तिचे कोषही टोचतात, तेव्हा खोडाला चिकटलेला गोल, कडक दाणा नखाने खरवडू नका.

उलट बाजूला, निरुपद्रवी अळ्या नाहक मारल्या जातात. कढीपत्त्यावर, लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी डिवचली तर डोक्यातून लालसर शिंग काढते आणि वास सोडते, बस्स. 2015 मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या राणी पाकोळीची अळी लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. आंब्याच्या पानावर मधल्या शिरेला पाठीवरची पिवळी रेघ जुळवून, दोन्ही बाजूंना पिसासारखे काटे पसरून बसलेली अळी तर बघायलाच भीती वाटते, पण तीही फुलपाखराचीच आणि निरुपद्रवी. तगरीवरच्या लठ्ठ हिरव्या अळीचं शेपटीवरचं शिंग टोचत नाही. कण्हेरीवरच्या आणि रुईवरच्या अळ्या हाताला लागत नाहीत, पण कुत्र्याने खाऊ नयेत. कण्हेर तर मुळात झाडच विषारी.

ओळख पटत नसेल तर मोबाइलने फोटो काढा आणि केसाळ किंवा काटेरी असेल तिला हात लावू नका. एवढं पुरतं.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. काळोखात पाल्यापाचोळ्यात पायाला काही झोंबलं आणि दिसलं नाही, तर ‘सुरवंट असेल’ म्हणून झोपू नका. आपल्या कातळावर फुरसं आहे, विंचू आहे. दातांच्या खुणा, वाढती सूज, रक्त न थांबणं, किंवा दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं, यातलं काहीही दिसलं तर सरळ सरकारी दवाखाना.

झाड साफ करताना

मशाल लावून गठ्ठा जाळायची पद्धत जुनी आहे. शेतात लांब एखादं झाड असेल तर समजू शकतो. घरालगत मात्र मी ती कुणाला करू देणार नाही. गरम हवेबरोबर कुसळं वर उडतात आणि थेट पडवीत येतात. काठीने झोडणं, पाइपाने जोराचा फवारा मारणं, वाळल्या पाचोळ्यावर खराटा मारणं, या सगळ्याचं तेच.

आम्ही आता दिवसा, वारा पडलेला असताना, गठ्ठा खोडावर एकत्र असतो तेव्हाच जातो. पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा, नाकाला मास्क, हातमोजे. आधी हातपंपाने साबणाचं पाणी हलकेच फवारून गठ्ठा चिंब भिजवायचा, म्हणजे केस उडत नाहीत. मग लांब चिमट्याने किंवा पत्र्याच्या तुकड्याने खरवडून साबणपाण्याच्या बादलीत. मेलेल्या सुरवंटांची कुसळंही लागतात, म्हणून बादली उकिरड्यावर उपडी करत नाही, खड्डा करून पुरतो. खाली पडलेल्या काती आणि कोष ओल्या फडक्याने उचलतो. पाला खायचा आहे, त्यामुळे शेवग्यावर कीटकनाशक मारत नाही.

त्या दिवशी दोरीवर कपडे नसतात आणि मोत्या पुढच्या खळ्यात बांधलेला असतो. पाला काढून आणला की काकी सुपात एकेक डहाळी उलटीपालटी करून बघते, मग दोन पाण्यांतून काढते आणि त्यानंतरच पोरांना पानं खुडायला बसवते.