ताऱ्याच्या क्विल्टसाठी पार्श्वभूमीचं कापड कापताना या चुका टाळा

ताऱ्याची टोकं बोथट आली की दोष शिलाईला दिला जातो. गडबड बहुतेक वेळा त्याआधीच झालेली असते, ताऱ्याभोवतीचं फिकं कापड कापताना. रंगीत तुकडे जपून कापले जातात आणि पार्श्वभूमीचे मात्र घड्यांवर घड्या घालून भराभर उरकले जातात.

खालची मापं सॉटूथ स्टार या ताऱ्याच्या नक्षीच्या, शिवून १२ इंच भरणाऱ्या एका ब्लॉकची, म्हणजे क्विल्टच्या एका चौकोनी भागाची आहेत. मध्ये मोठा चौकोन, कोपऱ्यांत पार्श्वभूमीचे चार लहान चौकोन आणि प्रत्येक बाजूला पार्श्वभूमीचा एक मोठा त्रिकोण. त्या त्रिकोणाच्या दोन्ही अंगांना ताऱ्याची टोकं बसतात. शिलाईची माया, म्हणजे शिलाईबाहेर सोडलेलं कापड, सगळीकडे पाव इंच.

त्रिकोणाची लांब बाजू उरेब येणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मोठ्या त्रिकोणाची लांब बाजू ब्लॉकच्या बाहेरच्या कडेला येते, म्हणून तिथे सरळ धागा हवा, उरेब म्हणजे विणीला तिरकी कड नको. त्यासाठी सव्वासात इंचाचा चौकोन घ्या आणि दोन्ही कर्णांवर कापा. एका चौकोनात एका ताऱ्याचे चारही त्रिकोण निघतात. ५ १/८ इंचाचा चौकोन एकाच कर्णावर कापला तरी त्रिकोण त्याच मापाचा मिळतो, पण त्याची लांब बाजू उरेब असते. इस्त्री फिरली की ती ताणली जाते, ब्लॉकची कड लहरी होते आणि शेजारच्या ब्लॉकशी जुळत नाही. कागदावर दोन्ही त्रिकोण सारखे दिसतात, म्हणूनच ही चूक उशिरा लक्षात येते.

ब्लॉक तिरके मांडले, तर कडेच्या मोठ्या त्रिकोणांनाही हाच नियम. १२ इंची ब्लॉकसाठी बाजूचे त्रिकोण सव्वाअठरा इंची चौकोनाचे चार भाग करून, आणि क्विल्टच्या चार कोपऱ्यांचे त्रिकोण ९ ३/८ इंची चौकोनाचे दोन भाग करून काढा. उलट केलं तर क्विल्टची बाहेरची कड उरेब होते आणि वर लावलेली बॉर्डर कधीच सपाट बसत नाही.

तुकडे आधीच चुकीचे कापले असतील तर इस्त्री घासू नका, फक्त वरून दाबा. उरेब कडेपासून १/८ इंचावर साधी शिलाई मारून घ्या, म्हणजे ताण थांबतो. पुढच्या वेळी कापण्याआधीच कापडाला स्टार्च लावा.

मायेचा हिशेब

चौकोनाला अर्धा इंच वाढवतात, म्हणून त्रिकोणालाही अर्धाच इंच वाढवला जातो. तो पुरत नाही, कारण टोकाच्या बाजूला तिरक्या शिलाईला जास्त कापड लागतं. चौकोनाचे दोन त्रिकोण करायचे असतील तर त्रिकोणाच्या आखूड बाजूच्या तयार (शिवल्यावरच्या) मापात ७/८ इंच मिळवा, चार करायचे असतील तर लांब बाजूच्या तयार मापात सव्वा इंच. साडेसहा इंची चौकोनाचे चार भाग केले, तर शिवल्यावर लांब बाजू सहाऐवजी सव्वापाच भरेल.

अचूकता हवी असेल तर आमचा कल थोडं मोठं कापून नंतर छाटण्याकडे आहे. पार्श्वभूमीचा साडेसात इंची एक चौकोन आणि ताऱ्याच्या रंगाचे चार इंची चार चौकोन घ्या. दोन लहान चौकोन मोठ्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर सुलट बाजू आत ठेवून मांडा. मध्ये ते थोडे एकमेकांवर येतील. कर्णावर रेघ आखा, दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंचावर शिवा, रेघेवर कापा. इस्त्री करून उरलेल्या कोपऱ्यांवर राहिलेले दोन चौकोन तसेच शिवा आणि कापा. चार तुकडे मिळतात. प्रत्येक साडेतीन बाय साडेसहा इंचांवर छाटा. छाटताना त्रिकोणाच्या शेंड्यावर बरोबर पाव इंच कापड राहिलं पाहिजे. ते राहिलं नाही तर पुढच्या शिलाईत टोक गिळलं जातं.

पन्ह्यावर भरवसा

४४ इंची पन्ह्यातून काठ कापल्यावर वापरता येणारं कापड ४० ते ४२ इंचच उरतं. काठ घट्ट विणलेला असतो आणि वेगळा आटतो, त्यामुळे तो कुठल्याही तुकड्यात येऊ देऊ नका. कोपऱ्याचे साडेतीन इंची चौकोन ४२ इंचांत बारा निघतात हे फक्त कागदावर. हिशेब ११ चा धरा. २० ताऱ्यांना ८० कोपरे, म्हणजे ८ पट्ट्या, २८ इंच. सव्वासात इंची चौकोन एका पट्टीत ५, म्हणून ४ पट्ट्या, २९ इंच. एकूण ५७ इंच, सुमारे १.४५ मीटर. कापड आटणं आणि कडा सरळ करणं धरून पावणेदोन मीटर घ्या. बॉर्डर त्याच कापडाची असेल तर तिचं कापड वेगळं धरा आणि कापताना तिचे लांब तुकडे उभ्या धाग्यात सर्वांत आधी काढा.

मधोमध वाकलेली पट्टी

पट्टी उलगडल्यावर घडीपाशी इंग्रजी व्हीसारखी वाकली असेल, तर रूलर घडीला काटकोनात नव्हता. रूलरची आडवी रेघ घडीवर बसवूनच कापा आणि दर तीन-चार पट्ट्यांनंतर कड पुन्हा सरळ करा. एका वेळी चारच थर ठेवा. त्याहून जास्त थरांत खालचे सरकतात. मधले धागे न कापता सुटत असतील तर कटरचं पातं बदला. जोर लावून उपयोग नाही, त्याने रूलर हलतो. एका क्विल्टला शेवटपर्यंत एकच रूलर वापरा, कारण दोन रूलरच्या रेघांची जाडी सारखी नसते.

रेघांचं किंवा दिशा असलेलं कापड

अशा कापडाचा चौकोन चार भागांत कापला की लांब बाजूशी ताडलं तर दोन त्रिकोणांत रेघा उभ्या आणि दोन त्रिकोणांत आडव्या येतात. ब्लॉकमध्ये सगळ्या रेघा एकाच दिशेने हव्या असतील, तर प्रत्येक ताऱ्यासाठी दोन आयत आडवे, साडेसहा रुंद आणि साडेतीन उंच, आणि दोन उभे कापा. त्यांच्या कोपऱ्यांवर ताऱ्याच्या रंगाचे साडेतीन इंची चौकोन कर्णावर शिवा, पाव इंच माया ठेवून बाहेरचा कोपरा कापा आणि उलटा. कापड थोडं वाया जातं. पांढऱ्यावर पांढरी छपाई असेल तर प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा. दिव्याखाली दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.