रजेनंतर कामावर परत जाताना दूध काढायला वेळ, जागा आणि फ्रीज कसा मागायचा

बाळंतपणाची रजा संपत आली की पंप कुठला घ्यायचा, बाटल्या किती लागतील, बाळ वरचं घेईल का, हे सगळं आपण महिनाभर आधी बघतो, पण ऑफिसमध्ये नक्की कुठे बसून दूध काढणार हे मात्र पहिल्या दिवशी तिथे पोचल्यावर आठवतं. माझंही तेच झालं. पहिल्याच दिवशी मीटिंग लांबली, छाती दगडासारखी झाली, जॅकेटच्या आतून शर्ट ओला व्हायला लागला, आणि शेवटी एका सहकारी ताईने मला हाताला धरून फाइलींच्या खोलीत नेलं. त्या दाराला कडी नव्हती. मी खुर्ची दाराला टेकवून पंप सुरू केला, पाच मिनिटं काही येईना, मग कुठे जरा धार लागली आणि तेवढ्यात कुणीतरी बाहेरून दार ढकललं. सॉरी म्हणून तो लगेच गेला, पण त्यानंतर बाटलीत थेंबही पडला नाही. घरी येऊन मी रडले की मला दूधच कमी येतंय. दूध होतं, कडी नव्हती.

हे आधी समजून घ्या, कारण मॅनेजरला समजावताना हेच लागतं. छाती जितकी रिकामी होते तितकं नवीन दूध बनतं, आणि तासन् तास भरलेली राहिली की शरीर समजतं आता एवढं नको, आणि हळूहळू दूध आटायला लागतं. दुसरी गोष्ट पान्ह्याची. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळे आणि भीती, घाई, दुखणं, कोणी येईल अशी धास्ती, यातल्या कशानेही तो अडतो, म्हणजे दूध आत असूनही बाहेर येत नाही. म्हणून आतून लागणारी कडी ही चैन नाही, पंपाइतकीच गरजेची वस्तू आहे. आणि वेळेवर नाही काढलं तर नुसतं अवघडल्यासारखं होत नाही, गाठी होतात, एखादा भाग लाल होऊन ठणकतो, थंडी वाजून ताप येतो. हा मस्टायटिस. अशा वेळी दिवसभर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि ती गाठ जोरजोरात चोळू नका, त्याने सूज वाढते, थंड शेक द्या.

आता कायद्याचं. बऱ्याच जणींना वाटतं आपण ऑफिसकडे मेहेरबानी मागतोय. तसं नाहीये, ही गोष्ट शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ मध्ये मातृत्वावरचा पहिला करार केला त्यातच बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास द्यावा असं लिहिलंय. २००० सालच्या करारात, ज्याला सी १८३ म्हणतात, त्याहून स्पष्ट आहे: दिवसातून एक किंवा जास्त ब्रेक किंवा कामाचे तास कमी, आणि हा वेळ कामाचाच वेळ धरायचा, त्याचा पगार द्यायचा. जे देश तो करार स्वीकारतात त्यांनी आपापल्या कायद्यात हे आणायचं असतं, म्हणून प्रत्येक देशाचे तपशील वेगळे असतात आणि तुम्ही जिथे काम करता तिथलाच कायदा वाचायचा.

भारतात १९६१ चा मातृत्व लाभ कायदा होता, २०१७ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, आणि आता ते सगळं २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आलंय जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मुख्य गोष्टी त्याच आहेत. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीच्या सुट्टीशिवाय, दिवसातून दोन ब्रेक. "नेहमीच्या सुट्टीशिवाय" हे शब्द अधोरेखित करून ठेवा, कारण सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे "लंच ब्रेकमध्ये उरकून घ्या ना". तसं चालत नाही. या ब्रेकसाठी पगार कापता येत नाही हेही कायद्यातच आहे. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, त्यात मात्र विश्रांतीची सुट्टी धरलेली आहे. एक उणीव सांगते, पंपासाठी कशी खोली हवी, कडी हवी, फ्रीज हवा असं काही या कायद्यात लिहिलेलं नाही. म्हणूनच मागणी आपण शब्दात मांडावी लागते.

अमेरिकेत उलटं आहे, तिथे खोलीचं वर्णनच कायद्यात आहे. डिसेंबर २०२२ च्या पंप कायद्यामुळे जवळजवळ सगळ्या नोकरदार बायकांना बाळाच्या जन्मानंतर एक वर्षापर्यंत, जेव्हा गरज पडेल तेव्हा ब्रेक मिळतो आणि जागा अशी हवी की कुणाला दिसणार नाही, कुणी आत येणार नाही आणि ते बाथरूम नसेल. तो ब्रेक बिनपगारी असू शकतो, पण पंप करताना तुमच्याकडून काम करून घेतलं तर त्या वेळेचे पैसे द्यावेच लागतात. फिलिपिन्सच्या कायद्यात आठ तासांच्या कामात एकूण किमान ४० मिनिटं आणि टॉयलेटमध्ये नसलेली वेगळी जागा आहे. ब्रिटनमध्ये मालकाने पाजणाऱ्या आईला आराम करायला जागा द्यायची असते पण ब्रेकचा थेट हक्क कायद्यात नाही. हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की "असं कुठे असतं का" म्हणणाऱ्याला सांगता यावं की असतं.

मागणी कधी करायची? परत जायच्या निदान चार आठवडे आधी, आणि लेखी. आधी फोनवर बोललात तरी नंतर मेल टाका, कारण फोनवर हो म्हणणारा माणूस तुम्ही परत येईपर्यंत दुसऱ्या टीममध्ये गेलेला असतो. मेल लांबलचक नको आणि माफीच्या सुरात तर अजिबात नको. "त्रास देतेय त्याबद्दल क्षमस्व" हे वाक्य मी स्वतः लिहिलं होतं आणि आता आठवलं की वाईट वाटतं. मी आता मैत्रिणींना साधारण असा मजकूर देते:

"मी अमुक तारखेला कामावर रुजू होतेय. बाळ अंगावर पितं, त्यामुळे मला कामाच्या वेळेत साडेदहा, दीड आणि साडेचारच्या सुमारास दूध काढावं लागेल, प्रत्येक वेळी साधारण अर्धा तास. त्यासाठी आतून बंद होणारी, बाथरूम नसलेली खोली, खुर्ची, छोटं टेबल, प्लग पॉइंट आणि दूध ठेवायला फ्रीज लागेल. कुठली खोली मिळेल ते रुजू होण्याच्या एक आठवडा आधी कळवावं, म्हणजे मी एकदा येऊन बघून जाईन. त्या वेळांना माझ्या कॅलेंडरवर मीटिंग ठेवू नये ही विनंती."

अर्धा तास का, तर नुसतं पंपिंग १५ ते २० मिनिटं होतं, पण खोलीपर्यंत जाणं, हात धुणं, पंप जोडणं, नंतर भाग धुणं, बाटलीवर तारीख वेळ टाकून फ्रीजमध्ये ठेवणं, हे सगळं त्यात धरावं लागतं. हे मॅनेजरला आधीच सांगा नाहीतर दुसऱ्या दिवसापासून घड्याळाकडे बघणं सुरू होतं. आणि किती वेळा, तर बाळ जेवढ्या वेळा प्यायलं असतं साधारण तेवढ्या वेळा, लहान बाळ असेल तर दर तीन तासांनी, वरचं खाणं नीट सुरू झालं की कमी.

खोली बघायला खरंच आधी जा. दार आतून लावून बघा, बाहेरून कोणाकडे किल्ली आहे ते विचारा, काचेचं दार असेल तर पडदा हवा. वर कॅमेरा आहे का बघा, हे बोलायला संकोच वाटतो पण बघाच, स्टोअर रूममध्ये आणि सर्व्हर रूममध्ये बऱ्याचदा असतो. प्लग खुर्चीजवळ आहे का? बाथरूमला नाही म्हणायचं कारण साधं आहे, हे बाळाचं अन्न आहे आणि अन्न कुणी संडासात बसून तयार करत नाही. हे वाक्य मी बिनदिक्कत वापरते आणि समोरच्याला पटतं. खोलीला कुणी फीडिंग रूम म्हणतं, कुणी हिरकणी कक्ष, नाव काहीही असो, कायमची राखीव नसली तरी चालते, पण तुमच्या वेळेला ती तुमचीच हवी, म्हणजे मीटिंग रूमसारखी बुक करून ठेवा आणि दारावर "आत कोणी आहे" अशी पाटी लावा.

सगळ्यांचं काम टेबलावरचं नसतं हे मला माहितीये. वॉर्डमधली नर्स, वर्गात एकटी असलेली शिक्षिका, काउंटरवरची कॅशियर, मशीनवरची कामगार, यांना खोलीपेक्षा आधी बदली माणूस लागतो. म्हणून त्यांनी मेलमध्ये खोलीच्या वर ही ओळ लिहावी: या तीन वेळांना माझ्या जागी कोण उभं राहील ते ठरवून द्यावं. नावानिशी ठरलं की होतं, "बघू ॲडजस्ट करू" म्हटलं की कधीच होत नाही. आणि कामात शिसं, पारा, काही सॉल्व्हंट किंवा कॅन्सरची औषधं हाताळावी लागत असतील तर ते डॉक्टरांना नक्की सांगा आणि काम बदलून मागा. बाळाला घातक ठरवलेलं काम पाजणाऱ्या आईवर लादायचं नाही हे सी १८३ मध्येच आहे.

दूध ठेवण्याचं गणित सोपं आहे. ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकतं, जास्त गरम असेल तर तेवढं धरू नका. फ्रीजमध्ये ४ अंशाला ४ दिवस, दारात नाही ठेवायचं, आत मागच्या बाजूला. फ्रीज नसेलच तर बर्फाचे पॅक घातलेली कूलर बॅग २४ तास चालते, त्यामुळे "आमच्याकडे फ्रीज नाही" हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. फ्रीझरमध्ये ६ महिन्यांपर्यंत चांगलं राहतं. फ्रीझरमधलं एकदा पूर्ण वितळलं की फ्रीजमध्ये २४ तासांत वापरायचं, परत गोठवायचं नाही. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, मध्येच कुठेतरी उकळतं आणि बाळाचं तोंड भाजतं. पंपाचे भाग प्रत्येक वेळी धुवायचे, ऑफिसच्या सिंकमध्ये थेट नाही, स्वतःचं छोटं भांडं ठेवा. पंप बिघडला, चार्जर घरी राहिला तर हाताने दूध काढता यायला हवं, ते रजेतच शिकून घ्या, मला एकदा त्यानेच वाचवलं.

नाही म्हटलं तर काय करायचं? आधी विचारा की हे लेखी द्याल का. अर्ध्या वेळेला तिथेच सूर बदलतो. नाही बदलला तर एचआरकडे, मग तक्रार समितीकडे किंवा युनियनकडे, आणि शेवटी भारतात असाल तर कामगार खात्याकडे. तोपर्यंत रोज दोन ओळी लिहून ठेवा, तारीख, किती वाजता ब्रेक मागितला, कोण काय म्हणालं, नंतर काय झालं. ताप आला, दूध कमी झालं तर डॉक्टरांचा कागद जोडा. पाजते म्हणून कामावरून काढलं असं वाटत असेल तर गप्प बसू नका, सी १८३ प्रमाणे तर काढण्याचं कारण बाळंतपण किंवा पाजणं नव्हतं हे मालकाने सिद्ध करायचं असतं, बाईने नाही.

मालक किंवा मॅनेजर हे वाचत असतील तर त्यांना कळकळीने सांगते, ती विचारेल म्हणून थांबू नका. रजेवर जातानाच तिला कागद द्या की परत आल्यावर ही खोली, हे ब्रेक, ही व्यवस्था. भारतात तर नेमणुकीच्या वेळीच हे फायदे लेखी कळवण्याची जबाबदारी मालकावर २०१७ च्या दुरुस्तीनेच टाकली होती. खर्च किती येतो, एक कडी, एक पडदा, एक खुर्ची, एक छोटा फ्रीज. टीमला तिच्या परवानगीशिवाय काही सांगायचं नाही, "अमुक वेळेला ती उपलब्ध नाही" एवढं पुरतं. अजून किती दिवस चालणार हे विचारू नका. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या खाण्यासोबत दोन वर्षं किंवा जास्त असं सांगते, तेव्हा कधी थांबायचं हे ती आणि बाळ ठरवतील.

आणि थांबवायचं ठरलं की एकदम सगळे ब्रेक बंद करू नका. आधी दुपारचा एक सोडा, चार पाच दिवस छातीला सवय होऊ द्या, फारच दाटून आलं तर आराम वाटेल एवढंच थोडं काढा, पूर्ण रिकामं नका करू, मग दुसरा सोडा. सकाळ-संध्याकाळ घरी पाजणं यानंतरही चालू राहू शकतं, माझं राहिलं. खोलीचं बुकिंग मात्र शेवटचा ब्रेक सुटल्यावरही दोन आठवडे रद्द करू नका, बाळ आजारी पडलं की पुन्हा जास्त प्यायला लागतं आणि मग ती खोली परत लागते.