नंगा पर्वताचं मॉडेल: उंची न ताणता

डोंगराचं मॉडेल करताना उंची दुप्पट-तिप्पट ताणायची सवय शाळेपासून लागते. सह्याद्रीसाठी ते चालतं, कारण १:१,००,००० या प्रमाणात कळसूबाई जेमतेम दीड सेंटीमीटरच्या वर जाते आणि आपली नागपूरची सीताबर्डीची टेकडी मिलिमीटरभरही भरत नाही. हिमालयाच्या पश्चिम टोकाच्या नंगा पर्वताला ही मदत लागत नाही. ८,१२६ मीटरच्या माथ्यापासून उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर सिंधूचं पात्र आहे आणि ते जवळपास ७,००० मीटर खाली आहे. उंची ताणली की सगळेच कडे सारखे सरळसोट दिसू लागतात आणि कोणती वाट का जीवघेणी ठरली ते मॉडेलवर वाचता येत नाही. म्हणून आडवं आणि उभं प्रमाण एकच ठेवा. १ किलोमीटरला १ सेंटीमीटर धरला की ५ मिमी जाडीच्या सनबोर्डचा (हलक्या फोमच्या पांढऱ्या पत्र्याचा) एक थर बरोबर ५०० मीटरचा होतो.

चौकट अशी घ्या: उत्तर अक्षांश ३५.१४ ते ३५.५०, पूर्व रेखांश ७४.४० ते ७४.८०. कागदावर हे साधारण ३६ × ४० सेंमी होतं. शिखर मधोमध येत नाही. उत्तरेला २९ सेंमी आणि दक्षिणेला ११ सेंमी उरतात, आणि ते तसंच हवं, नाहीतर सिंधू चौकटीबाहेर जाते.

एसआरटीएमचा (अवकाशातून रडारनं केलेल्या मोजणीचा) दर ३० मीटरला एक आकडा देणारा उंचीचा डेटा फुकट मिळतो. तो क्यूजीआयएस या नकाशाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडून आधी यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीत बदला आणि मगच ५०० मीटर अंतरानं समोच्च रेषा काढा. ही पायरी गाळली तर डोंगर पूर्व-पश्चिम फाकतो, कारण इथे रेखांशाचा एक अंश ९१ किमीचा आणि अक्षांशाचा १११ किमीचा असतो, आणि बिनबदललेल्या नकाशात दोन्ही सारखेच छापले जातात. प्रिंट ए-टू कागदावर, आर्किटेक्टांचे नकाशे काढून देणाऱ्या दुकानातून घ्या. नकाशाच्या कोपऱ्यात १० सेंमीची पट्टी आखून ठेवा आणि दुकानातच फूटपट्टीनं मोजा. ‘फिट टू पेज’ चालू राहिलं तर ती साडेनऊ भरते आणि सगळी मेहनत वाया जाते.

८ × ४ फुटांच्या एका सनबोर्डमधून ३६ × ४० चे १८ तुकडे निघतात. लागतात १४: एक तळ (१,००० मीटर) आणि त्यावर १,५०० पासून ७,५०० पर्यंतचे १३ थर. दुकानातच तुकडे कापून घ्या. मे महिन्यात भर दुपारी अख्खी शीट गाडीवर बांधून आणली तर ती उन्हात मऊ पडून वाकते, आणि वाकलेला थर नंतर कशानंही सपाट बसत नाही. नकाशाचा कागद कूलरपासून लांब ठेवा. दमट हवेत तो फुगतो आणि रेषा मिलिमीटरभर सरकतात.

प्रत्येक तुकड्यावर कार्बन पेपरनं दोन रेषा उतरवा: जिच्यावर कापायचं ती, आणि तिच्या वरची, पुढचा थर कुठे बसवायचा ते कळण्यासाठी. कापण्याआधी थराचा आकडा आणि उत्तरेचा बाण लिहा. दक्षिणेच्या रूपल बाजूला कडा सुमारे ४,६०० मीटर उठतो. तिथे रेषा एकमेकींपासून चार-पाच मिलिमीटरवर, कुठे त्याहूनही जवळ येतात. दर दोन थरांना ब्लेड बदला, बोथट ब्लेडनं थराची कड कापली न जाता चुरते. राखिओट शिखराचा (७,०७० मी.) ७,००० मीटरचा तुकडा मुख्य डोंगरापासून सुटा आणि इवलासा निघतो. तो हमखास हरवतो, म्हणून कापल्या कापल्या टाचणीनं जागेवर रोवून टाका.

पांढरा फेविकॉल सनबोर्डवर नीट धरत नाही. रबरी गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, हाताला चिकटेनासा झाला की दाबा. एकदा टेकला की सरकत नाही, तेव्हा आधी टाचण्या लावून जागा पक्की करा. ७,५०० च्या वरचा माथा एम-सीलनं घडवा, उंची ६.३ मिमी. एसआरटीएममध्ये टोक खऱ्याहून बुटकं येतं, ते इथे भरून निघतं. पायऱ्या लगद्यानं बुजवू नका, उंची त्यांच्यावरूनच मोजायची आहे. रंग ॲक्रिलिकचाच वापरा, पोस्टर कलर सुकल्यावर पोपडे धरतो.

आता चढाईच्या वाटा दाखवणारे दोरे. लाल दोरा उत्तरेच्या राखिओट बाजूचा: फेअरी मेडोजचं कुरण, हिमनदी, राखिओट शिखराचा पायथा, सिल्व्हर सॅडल ही धारेवरची खिंड, माथा. हा दोरा इतका लांब आणि आडवातिडवा जातो की १९३४ चा घात समोर उभा राहतो. जर्मन मोहिमेचा नेता विली मेर्कल याची तुकडी वर वादळात सापडली, पण नुसतं खाली उतरणं पुरेसं नव्हतं, धारेवरून किलोमीटरच्या किलोमीटर परतायचं होतं. त्या परतीत तीन जर्मन आणि सहा शेर्पा गेले. राखिओट शिखराच्या पायथ्याशी काळी टाचणी लावा: १९३७ मध्ये रात्री हिमस्खलन पुढच्या जर्मन मोहिमेच्या चौथ्या तळावर (कॅम्पवर) आलं आणि १६ जण गाडले गेले. ३ जुलै १९५३ ला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हेरमान बुलनं याच वाटेवरच्या शेवटच्या, सुमारे ६,९०० मीटरवरच्या तळापासून एकट्यानं आणि ऑक्सिजनशिवाय माथा गाठला. मॉडेलवर उभी चढाई फक्त १२ मिमी दिसते, पण आडवं अंतर बघा, त्याची संध्याकाळ का झाली ते कळेल.

निळा दोरा पश्चिमेच्या दियामीर बाजूचा. १८९५ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक ममरी आणि त्याचे सोबती रघोबीर थापा आणि गोमान सिंग इथूनच खिंड ओलांडून राखिओटकडे निघाले आणि परतले नाहीत. १९६२ ची किन्सहोफर वाट याच कड्यावर आहे, आणि आज बहुतेक जण तिनेच चढतात. हिरवा दोरा रूपलचा: १९७० मध्ये राइनहोल्ड आणि ग्युंटर हे मेसनर बंधू या बाजूनं चढले आणि दियामीरकडे उतरले, त्या उतरणीत ग्युंटर गेला. म्हणून हा एकच दोरा माथ्यावरून पलीकडे न्या. पिवळा दोरा पश्चिमेकडून माथ्याकडे येणाऱ्या मझेनो धारेवर, सुमारे १० सेंमी; ही अख्खी धार ओलांडून माथा गाठला गेला तो २०१२ मध्ये. पहिल्या हिवाळी चढाईची (२६ फेब्रुवारी २०१६, मोरो, चिकोन, अली सदपारा) पांढरी टाचणी निळ्या दोऱ्यावर टोचा.

दोरे गोंदानं चिकटवू नका, टाचण्यांत ओवा, म्हणजे चूक सापडली तर वाट बदलता येते. मॉडेल उन्हं येणाऱ्या खिडकीपासून लांब, आडवंच ठेवा. भिंतीवर टांगलं तर नागपूरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात वरचे थर सुटायला लागतात.