जोंगम्योत मधल्या वाटेवर चालू नका

ऐतिहासिक कोरियन मालिकांत दरबारी मंत्री 'जोंगम्यो-साजिक'ची आण घालतात, त्यातलं साजिक म्हणजे भूमी आणि धान्याच्या देवतांची वेदी, तर जोंगम्यो म्हणजे सोलमधलं जोसन घराण्यातल्या राजांचं पितृमंदिर. मंगळवारी ते बंद असतं. इतर दिवशी बहुतेक वेळा ठरलेल्या वेळेच्या मार्गदर्शित फेरीतूनच आत सोडतात. निवांतपणे, आपल्या चालीनं फिरायचं असेल तर शनिवार-रविवार गाठा आणि दार उघडताच आत शिरा.

आत खडबडीत दगडी फरसबंदीची तीनपदरी वाट लागते. मधला, किंचित उंच पट्टा पूर्वजांच्या आत्म्यांचा. पूर्वेचा राजाचा, पश्चिमेचा युवराजाचा. फोटोच्या नादात लोक नेमके मधोमध चालतात. तुम्ही कडेनं चला. फरसबंदी मुद्दाम ओबडधोबड आहे, पाऊल आपोआप मंदावतं. सपाट तळव्याचे बूट घाला. जोंगजन या मुख्य वास्तूच्या १९ दालनांसमोर मात्र दहा मिनिटं नुसतं उभं राहा.